कानाची खूण

नारीनच्या शाळेत अकरा संगणक आहेत,
त्यांतले चार बोलतात.
बाकीच्यांवर मी भरतकामाची फडकी घातलीत,
धुळीपेक्षा लाजेपायी.

जिल्ह्याच्या माणसानं हिशोब मांडला,
नव्या परवान्यांना इतके इतके सोम.
आकडा ऐकून मुख्याध्यापिका खिडकीबाहेर बघत राहिल्या,
जणू डोंगर मध्ये पडेल.

मग मी रात्री शोधायला बसले.
आमच्याकडे इंटरनेटला मध्यरात्रीनंतर जरा हुशारी येते.

पहिल्याच ठिकाणी हिरवं बटण, तळहाताएवढं:
फुकट! आत्ताच!
दाबलं. तर चारांतला एक
दंतमंजनाच्या जाहिराती दाखवू लागला
आणि बंदच होईना. उरले तीन.

दुसरा ठामपणे सांगत होता, एवढी आज्ञा द्या, झालं.
तारीख पाहिली:
चौथीतली माझी धाकटी तेव्हा जन्मलीही नव्हती.
तिसऱ्यानं दुसऱ्याचंच उतरवलेलं,
शुद्धलेखनाच्या चुकीसकट.
चौथा म्हणाला, सोपं आहे, कुणालाही जमेल.
त्याच्यापायी सगळ्यात जास्त रात्री गेल्या.

जापारकुल आता रात्रीचा पहारेकरी,
त्याआधी चाळीस वर्षं मेंढ्या.
चहा घेऊन आला, माझं तोंड बघून म्हणाला,
"कुणी गळ्यात मारलं आजारी जनावर?"
मी सांगितलं. तो बराच वेळ गप्प.
"बाजारात जो मोठ्यानं ओरडायचा
त्याच्या मेंढीचे दात मी दोनदा बघायचो.
जो आपणहून सांगायचा, ही डाव्या पायानं लंगडते,
त्याच्याकडून घ्यायचो."

त्या रात्री मी लंगडा पाय शोधत गेले.
सापडला,
एका लांबलचक, कंटाळवाण्या पुस्तिकेत,
करणाऱ्यांनीच लिहिलेल्या:
'या जातीच्या ध्वनीकार्डावर आवाज येत नाही. कारण माहीत नाही.'
खाली नावं. गेल्या महिन्याची तारीख.
कुणी काय बदललं, का बदललं,
खोडलेल्या ओळीही तशाच ठेवलेल्या.
आमच्या हजेरीपटात इतका खरेपणा नाही,
तो मीच भरते म्हणून सांगते.

तीन रात्री उतरवून घेतलं.
पुस्तिका म्हणाली, थांबा, आधी खूण जुळवा,
चौसष्ट अक्षरांची.
"म्हणजे कानाची खाच," जापारकुल म्हणाला.
"खूण कुठून आणलीस?"
जिथून उतरवलं, तिथूनच.
तो हसला. "चोरालाच विचारलंस, मेंढी कुणाची?"

मग मूळ कळपवाल्यांकडून आणली.
त्यानं कागद धरला, चष्मा दोऱ्यानं कानाला बांधलेला,
माझं बोट पडद्यावर.
"सात."
नऊ.
पहिल्याच अक्षराला संपलं.
वाटेत वीज गेली असेल, अर्धं आलं असेल,
किंवा आणखी काही.
पुस्तिकेनं तर्क करायला सांगितलं नव्हतं,
पुसून पुन्हा आणायला सांगितलं होतं.

पुन्हा तीन रात्री. बाहेर उणे सव्वीस.
"सात." सात. "एस."
सीला तो रशियन सवयीनं एस म्हणायचा,
मी मनातल्या मनात दुरुस्त करायचे.
चौसष्टावं जुळलं तेव्हा त्यानं कागदाची घडी केली,
टोपी कानांवर ओढली आणि फेरीला गेला.

सोमवारी मुलांनी विचारलं, हे बेकेर आहे का?
आमच्याकडे बेकेर म्हणजे फुकट, आणि वाया गेलेलंही.
मी फळ्यावर मोठ्यानं म्हणत लिहिलं: एर्किन. मुक्त.
शेवटच्या बाकावरचा एर्किन दचकून उभा राहिला,
गृहपाठ केला नव्हता त्यानं.
त्यालाच मग पहिलं फडकं काढायला लावलं.

पुस्तिकेत किरगीझ भाषेची पानं जवळजवळ कोरी आहेत.
काल रात्री तिथे तीन ओळी घातल्या:
'नारीन, शाळा. याच ध्वनीकार्डावर आवाज आला, खाकरल्यासारखा.
दुसरी आज्ञा दोनदा द्यावी लागते.
कारण माहीत नाही.'
खाली माझं नाव, बेगिमाय,
आणि तारीख.